इत्सेलचा बसलेला घसा

आईचं विमान अमेरिकेतल्या सान अँतोनियोला उतरायला तासभर उरला, तेव्हा मारिबेलने आपल्या मुलीचा घसा बसवून टाकला.

दुसरा इलाज नव्हता. कित्येक वर्षं ती मेक्सिकोतल्या आईला फोनवर सांगत आली होती की इत्सेल पोपटासारखी स्पॅनिश बोलते. पोपटाचं खरंच होतं. पडद्यावर आजी दिसली की मारिबेल मागून कुजबुजायची आणि इत्सेल तेवढंच म्हणायची. एरवी पोरीचं सगळं इंग्रजीत, आणि लाडात आली की कोरियनमध्ये. तिकडच्या पोरांची गाणी ऐकून ऐकून ते तिने उचललं होतं. मारिबेलच्या घराण्यात कोरिया कुणी नकाशावरही पाहिला नव्हता.

"चार दिवस मफलर गुंडाळ आणि नुसती मान हलव," मारिबेल म्हणाली.

"शाळेत जायचं नाही ना?"

"नाही."

घसा तत्क्षणी बसला.

आजीने मफलर पाहिला आणि बॅगही न उघडता ती स्वयंपाकघरात शिरली. कांद्याचा काढा झाला. तळपायांना कापराचं मलम चोळून वर लोकरी मोजे चढले. मग पोरीच्या अंगावरून कच्चं अंडं उतरवून पेल्यात फोडलं, आणि कुणाची तरी दांडगी नजर लागलीय, असा निकाल लागला. फोनच्या उजेडाने घसा सुकतो म्हणून फोनही जप्त झाला. काढ्यापेक्षा हे कडू होतं.

फोन गेल्यावर पोरीने करायचं काय? ती शॉवरखाली गाऊ लागली. कोरियनमध्ये, अगदी मनापासून.

मारिबेल कामावरून आली तेव्हा आजी न्हाणीघराच्या दाराशी जपमाळ घेऊन उभी होती. चेहरा पांढराफटक.

"आवाज आलाय," ती हळूच म्हणाली. "पण आपल्या पोरीचा नाही. आत दुसरंच कुणीतरी बोलतंय."

मारिबेलला हसू आलं, पण पुढचं ऐकून ते जागच्या जागी विरलं. आजीने देवमातेला नवस बोलून टाकला होता: पोरीची भाषा परत दे, चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर येईन. तिचे गुडघे खुर्चीतून उठतानाही कुरकुरायचे. डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केला होता.

आता पोरगी बोलली तर आईचे गुडघे जाणार, आणि नाही बोलली तर भूत उतरवायला पाद्री येणार. टॉर्तिया भाजता भाजता मारिबेलने सगळं कबूल केलं. घसा, पोपट, कोरिया, सगळं.

आजीने करपू लागलेली टॉर्तिया तव्यावर उलटली.

"माझ्यापासून लपवलंस?"

"लाज वाटत होती गं. तू म्हणाली असतीस, एवढंही शिकवता आलं नाही हिला."

"म्हणाले असते. अजून म्हणणार आहे. पण आधी नवस."

"आता कसला नवस, आई? तिची भाषा गेली कुठे होती?"

"मग देवमातेला काय सांगू, चुकून हाक मारली? नवस फिटलाच पाहिजे. गुडघे मात्र ज्याने घोळ घातला त्याचे."

रविवारी भरल्या चर्चमध्ये मारिबेल गुडघ्यांवर सरकत होती. शेजारून आजी नातीचा हात धरून ऐटीत चालत होती आणि दिसेल त्याचं नाव तिला शिकवत होती. बाक. मेणबत्ती. आईकडे बोट दाखवून, पाप. इत्सेल खुसखुसत काहीतरी विचारत होती, आजी उत्तरं देत होती, आणि दोघींपैकी कुणीही मारिबेलकडे मदत मागत नव्हतं.

वेदीपाशी पोहोचून मारिबेलने सुस्कारा सोडला. इत्सेल तिच्या कानाशी वाकली आणि मोडक्यातोडक्या, पण स्वतः जुळवलेल्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आई, आजी विचारते, माझं कोरियन टिकावं म्हणून तुझ्या गुडघ्यांचा अजून एक नवस बोलायचा का? मी हो म्हटलं."