घुम्याची नजरतपासणी

"आज बोलून मोकळाच होतो!" घुम्यानं सकाळी ताईला ठणकावून सांगितलं. ताईनं कपातून डोकंही वर काढलं नाही. हे वाक्य ती वर्षभर ऐकत होती, आणि आता तिला हसायचाही कंटाळा आला होता.

घुम्या लिफ्ट दुरुस्त करायचा. वय चाळिशीला टेकलेलं, कंबर त्याच्याही पुढं गेलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासणाऱ्या बाई त्याला आवडायच्या. त्यांच्यापायी त्यानं त्या इमारतीची धडधाकट लिफ्ट इतक्यांदा उघडली होती, की बिचारी आता खरोखरच कुरकुरायला लागली होती! बाई जाता-येता विचारायच्या, "काय, झाली का?" घुम्या हातातल्या पान्याकडे बघत मान हलवायचा. संपला संवाद!

म्हणून आजचा बेत असा, की सरळ पेशंट होऊनच जायचं. अंधारी खोली, दोघंच. बोलावंच लागेल!

"शेवटची ओळ वाचा," बाई म्हणाल्या.

घुम्याच्या तोंडात वाळू भरली.

"बरं, त्याच्या वरची?"

घुम्यानं नुसती मान हलवली.

"निदान सगळ्यात मोठं अक्षर?"

"हो."

"हो काय? कुठलं आहे?"

"हो."

बाईंचा चेहराच उतरला. "अहो, या डोळ्यांनी तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता?" त्यांनी भराभर त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि त्याच्या घरी फोन लावला.

थोड्या वेळानं जवळचं सगळं पुसट झालं. शेजारी बाईंच्यासारखाच एक पांढरा कोट येऊन बसला. त्यावर चेहरा म्हणून नुसता धुक्याचा गोळा. आणि काय आश्चर्य! घुम्याची जीभ सुटली.

"बाई, मला सगळी अक्षरं दिसत होती हो. तुम्ही समोर असलात की वाचाच बसते. मला तुम्ही आवडता! घरी काय, ताई आणि मी, दोघं भिंतीकडं बघत जेवतो. तुमचं ते 'झाली का?' तेवढंच दिवसभरात कोणीतरी आपुलकीनं विचारतं."

"भावना पोचल्या," कोटातून खर्जातला आवाज आला. "पण मी डॉक्टर. बाई तुमच्या मागं उभ्या आहेत."

तेवढ्यात जिन्यातून हंबरडा! लिफ्ट घुम्यानंच बंद करून ठेवलेली, त्यामुळं ताई तिन्ही जिने रडत चढली होती. "माझा भाऊ आंधळा झाला हो!"

"नाही हो," बाई दमून म्हणाल्या. "मुका होता, तोही आत्ताच बरा झाला."

सगळा दवाखाना हसला. घुम्या कॉलरमध्ये तोंड लपवून उठला, तशा बाई हळूच म्हणाल्या, "दिवसभर तीच ती अक्षरं ऐकून कान किटलेत माझे. सुटल्यावर खालच्या हॉटेलात चहाला या. काहीतरी वेगळं बोला."

हॉटेलात, डोळ्यांत औषधाचा अंमल होता तोवर घुम्या धबधब्यासारखा बोलला. मग हळूहळू समोरचा चेहरा स्पष्ट झाला. दमलेले डोळे, कपाळावर आलेली पांढरी बट, अगदी समोर! घुम्या वाक्याच्या मध्येच मिटला.

"उतरलं वाटतं औषध," बाई म्हणाल्या. त्यांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मीही काही कमी लाजाळू नाही. आता तुम्ही मला दिसत नाही. ऐका माझं."

घुम्या ऐकत राहिला. नाहीतरी त्याला दुसरं काय येत होतं!