आधी किल्ला, मग चहा

अण्णा राऊतांच्या घरी पाहुण्याला चहा हवा असेल, तर आधी वसईचा किल्ला बघून यावं लागतं. थट्टा करत नाही. विमा विकायला आलेल्या एका एजंटाला त्यांनी दारातूनच रिक्षात घातलं आणि तीन तास फिरवलं. पॉलिसीचा कागद पिशवीतून बाहेरही न काढता तो गृहस्थ गेला, तो पुन्हा अण्णांच्या सांडोर गावाकडे फिरकला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी वसईच्या एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, तेव्हा ऑफिसातले हे ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "तुम्ही वसईत फक्त राहायला आलात. वसईत यायचं असेल तर रविवारी या." गेलो. जेवायला अडीच वाजले. मध्ये एकदा मी चुकून बोलून गेलो, "किल्ला बराच पडलाय हो."

"पडलाय कुठे? बसलाय. साडेचारशे वर्षं तुम्ही उभं राहून दाखवा!"

त्यांच्या बोलण्यात सगळं 'आमचं'. आमची खाडी, आमचा तुंगारेश्वर, त्याचे धबधबे, इतकंच काय, आमचे पोर्तुगीजसुद्धा. कुणी गोव्याचं नाव काढलं की उदारपणे म्हणत, "गोवा चांगलाच आहे. पण आधी इकडे बघून मग तिकडे जावं." त्यांच्या या ऐटीचं मला हसू यायचं. पण खरं सांगतो, चार महिन्यांत मीही मुंबईच्या नातेवाइकांपुढे 'आमचा किल्ला' म्हणायला लागलो.

पुढे हा किल्ला नंदाच्या लग्नात आडवा आला. नंदा ही अण्णांची एकुलती एक मुलगी; आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला बघायला आलेली दोन स्थळं किल्ल्यातूनच परस्पर परत गेली. त्यातल्या एका मुलाच्या आईची तर नवी चप्पलच समुद्र दरवाजापाशी तुटली. तिसरं स्थळ जळगावचं. मंडळी मूळची डहाणूकडची, नोकरीपायी तिकडे स्थायिक झालेली. फोटो पाहूनच मुलगा नंदाच्या मनात भरला होता. त्या सकाळी मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "काका, आज तरी अण्णांना आवरा. निदान पोहे खाऊ देत त्यांना."

मी आवरणारच होतो. पण मुलगा आणि त्याची आई फाटकातून आत येतात न येतात, तोच अण्णा छत्री घेऊन पुढे. "चला, ऊन चढायच्या आत जाऊन येऊ!" मीही मुकाट्याने मागोमाग गेलो.

बुरुजावर पोचेपर्यंत मुलाची आई घामाघूम झाली होती. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही मुलगी बघायला आलोय की किल्ला?"

संपलं, मी मनात म्हटलं. हेही स्थळ गेलं.

अण्णा थांबले. त्यांचा नेहमीचा चढा आवाज एकदम उतरला.

"ताई, नंदाची आई गेल्यावर घरात आम्हा दोघांनाही करमायचं नाही. मग रोज संध्याकाळी मी तिला इथे घेऊन यायचो. समोर ही खाडी, मागे ते डोंगर. पोर इथेच मोठी झाली. उद्या तुमच्याकडे जळगावला तिला माहेरची आठवण येईल, ती इथलं काही सांगायला लागेल. तेव्हा ऐकणाऱ्याने हे एकदा तरी पाहिलेलं असावं. म्हणून आणतो हो सगळ्यांना. दुसरं काही नाही."

मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. एजंटाची गोष्ट रंगवून सांगत आलो, त्याची मला लाज वाटली.

बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "कुठे बसायची ती?"

अण्णांनी तटाला लागून असलेला एक दगड दाखवला. त्या जाऊन त्याच्यावर बसल्या. बराच वेळ खाडीकडे बघत राहिल्या. मग जरा सरकून मुलाला म्हणाल्या, "ये, तूही बस."

परतताना लग्न ठरल्यातच जमा होतं. अण्णा रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. मायलेक कौतुकाने विचारत होते, ही वाडी कुणाची, त्या पलीकडे काय लावलंय, समुद्र इथून किती लांब. अण्णा रस्त्याकडे बघत गप्प बसून होते. सगळी उत्तरं मीच देत होतो.