मैनेच्या कानातला अल्बम

धनाजीच्या अल्बमचं सगळं तयार होतं, फक्त नंबर नव्हता.

अणदूरच्या धनाजीने आठ वर्षं खपून सात गाणी केली होती. प्रकार ब्लूज रॉक, म्हणजे दुःखच, पण मोठ्या आवाजात. अल्बमचं नाव ‘कोरडा नळ’. एरवी धनाजी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. गावोगाव फिरून म्हशींच्या कानाला पिवळे बिल्ले मारायचे, हे काम. घरी त्याने गिटार काढली की त्याची बायको, दैवशाला, मिक्सर लावायची, त्यामुळे रेकॉर्डिंग गजराकाकूंच्या गोठ्याशेजारी, पेंडीच्या खोलीत झालं. चौथ्या गाण्यात ऐन मध्यावर काकूंची म्हैस मैना लांबलचक रेकली. ड्रम वाजवणारा अक्रम म्हणाला, “राहू दे यार. दुःखात सगळं खपतं.” राहिलं ते तसंच.

आता अक्रमच्या मोबाईलच्या दुकानात बसून दोघं अल्बम इंटरनेटवर चढवत होते. प्रत्येक गाण्याचा कोड गाणी चढवणाऱ्या कंपनीनेच देऊन टाकला. पण अल्बमच्या रकान्यात अक्रमचं बोट अडलं.

“अल्बमचा वेगळा नंबर मागतंय. बारा आकडी. जगात दुसऱ्या कशालाच नसंल असा.”

“आन् न्हाय दिला तर?”

“तर चढत न्हाय.”

धनाजीने पायाजवळची पिशवी उचलली आणि काउंटरवर ओतली. पंचवीस पिवळे बिल्ले. प्रत्येकावर बारा आकडे आणि खाली काळ्या रेघा.

“असले नंबर म्हन्शील तर माझ्याकडं पिशवीभर हायेत. सरकारी माल. एकासारखा दुसरा न्हाय.”

इथे तिसरा कुणी शहाणा माणूस असता तर त्याने हात धरला असता. पण दुकानात हे दोघंच होते. पहिले सात नंबर कंपनीने परत केले, आठवा मुकाट्याने घेतला. पुढे प्रश्न आला, ‘अल्बमची प्रत उपलब्ध आहे का?’ अक्रमने ‘होय’ दाबलं. दुकानदार माणूस, ‘नाही’ म्हणायची त्याला सवयच नव्हती.

महिन्याभरात ‘कोरडा नळ’ एकवीस वेळा ऐकला गेला. त्यातल्या एकोणीस वेळा धनाजीने आणि दोनदा अक्रमने. धनाजीला पैसाअडका नकोच होता हो. कुठंतरी, कुणीतरी, ‘गिटार : धनाजी’ एवढं लिहून ठेवावं, बस्स. आठ वर्षं मिक्सरच्या आवाजात काढलेल्या माणसाने एवढीही आशा करू नये का?

आणि फोन आला. धाराशिवहून आण्णासाहेब बोलत होते, निवृत्त ग्रंथपाल.

“ब्लूज रॉकच्या अल्बमांची यादी करतो मी. चार हजार नोंदी आहेत, जगभरचे लोक बघतात. तुमचा अल्बम घ्यायचाय. पण प्रत डोळ्यांनी बघणार, नंबर जुळवणार, मगच. नंबर नाही असं काहीही माझ्या यादीत जात नाही. रविवारी येतो.”

धनाजी दुकानात धावला. “प्रत कुठून आनायची आता?”

“त्यात काय? जुनी सीडी घेऊ, तिच्या डबीवर तो बिल्ला चिकटवू. काढ बिल्ला.”

धनाजीने रिकामा खिसा उलटा करून दाखवला.

“धन्या, बिल्ला कुठाय?”

“आठवन म्हनून खिशात ठिवला होता. दुसऱ्या दिवशी गावात पंचवीस जनावरं निघाली, पिशवीत चोवीसच बिल्ले. शेवटाला ऱ्हायली मैना. म्या म्हनलं, अल्बम तर फोनात हाय, त्याला कुठं कान हायेत? मारला तिलाच.”

दोघं गोठ्यात गेले. गजराकाकू धार काढत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चरवी बाजूला ठेवली.

“तुझ्या त्या बिल्ल्यापायी दोन दिस दूध चोरलं हिनं. आता तिच्या कानाला हात लावशील तर तुझा जाग्यावर ऱ्हानार न्हाय.”

मग अक्रमने सीडीच्या डबीवर स्केचपेननेच नंबर लिहिला. रविवारी आण्णासाहेबांनी चष्मा लावून डबी उलटीपालटी करून पाहिली.

“हाताने लिहिलाय. रेघा कुठे आहेत?”

त्यांनी वही मिटली. ती वही मिटताना पाहून धनाजीच्या तोंडून निघून गेलं, “रेघा हायेत साहेब. जरा गोठ्यापतूर यावं लागंल.”

आण्णासाहेब हसले नाहीत. बत्तीस वर्षं पुस्तकांवर नंबर टाकलेला माणूस, त्याला नंबर जुळण्याशी मतलब. त्यांनी मैनेच्या कानाशी मोबाईल धरला. टुंग वाजलं. पडद्यावर ‘कोरडा नळ’, सात गाणी, एक्केचाळीस मिनिटं.

“जुळला,” म्हणत त्यांनी वहीत लिहिलं. “प्रती एक. माध्यम, म्हैस. अवस्था उत्तम.”

“उत्तम म्हंजी? सात लिटर देती,” काकू म्हणाल्या.

आण्णासाहेबांनी बिल्ला नीट दिसावा म्हणून कान जरा ओढला आणि मैना रेकली. लांब, खालच्या पट्टीत, शेवटी कापत कापत. आण्णासाहेबांचा पेन थांबला.

“चौथं गाणं. हाच तो गळा. अख्ख्या अल्बममध्ये खरं दुःख एवढंच आहे, म्हटलं कोण गातंय हे?”

“मागं गिटार म्या वाजिवलीया,” धनाजी हळूच म्हणाला.

“हो, येते ऐकू अधूनमधून,” आण्णासाहेब म्हणाले आणि मैनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तीन दिवसांनी नोंद झळकली. संध्याकाळपर्यंत चौथं गाणं चार हजार वेळा ऐकलं गेलं होतं. गोठ्यासमोर उभं राहून अक्रमने मोबाईलवरून मोठ्याने वाचलं, “मुख्य गायिका : मैना, अणदूर.” मग तिचा बारा आकडी नंबर. “ड्रम : नोंद नाही.”

“आन् गिटार?” धनाजीने विचारलं.

“गिटार : वादकाला नंबर नसल्याने नाव घेतलेलं नाही.”

धनाजी मटकन पेंडीच्या पोत्यावर बसला. आठ वर्षं गेली आणि शेवटी नाव लागलं ते म्हशीचं. गजराकाकूंनी मैनेसमोर पेंडीचं घमेलं सरकवलं आणि पदराला हात पुसले.

“उगी, उगी. एवढ्यासाठी रडतंय व्हय कुनी? नवी पिशवी आली आसंल की बिल्ल्यांची. घिऊन ये, आन् बस मैनेच्या शेजारी कान म्होरं करून.”