पूजा झालेलं दार

दार बंद होतं. त्यामुळे ही कथाही बाहेर जिन्यातच सुरू होते.

जिन्यात अख्खं ऑफिस उभं. अंधेरीच्या एमआयडीसीतली, पहिल्या मजल्यावरची ही कंपनी इतर कंपन्यांचे पगार काढून द्यायची. म्हणजे आत हजारो लोकांची माहिती, आणि तिची राखण हेमांगीकडे. याच आठवड्यात एका तपासणी एजन्सीचा माणूस वेष बदलून आत घुसायचा प्रयत्न करणार होता. तो घुसला, की हेमांगीची नोकरी गेली. साहेबांनी तसं स्पष्टच सांगितलेलं.

"येऊ दे," हेमांगी म्हणाली होती. "उंबऱ्यावरूनच परत पाठवते."

उद्या दसरा. अकाउंट्सच्या नलिनीताईंनी सगळ्यांआधी येऊन दाराशेजारच्या अंगठ्याच्या मशीनची यथासांग पूजा उरकली होती. झेंडू, अक्षता आणि काचेवर ओलं हळदकुंकू.

"ताई, अंगठ्याच्या जागेवर कुंकू?"

"मग? त्याला दुसरं कपाळ आहे का?"

आयटीतल्या नितेशने रुमाल काढला.

"खबरदार! पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही!"

"ताई, हत्यार नाही, दार आहे ते!"

त्याने पुसलंच. हळद फटीत शिरली. मग प्रत्येकाने आपापला अंगठा आजमावला. मशीन लाल झालं, भोंगा वाजला, कुलूप घट्ट बसलं. अंगठे फार चुकले की दार फक्त आतून उघडेल, हा नियम हेमांगीचाच.

"किल्ली कुठाय?"

"आत. तिजोरीत," हेमांगी म्हणाली.

"आत का गं?"

"बाहेर ठेवली तर कोणीही उघडेल ना!"

मुद्दा बिनतोड होता. दार बंदच होतं.

त्यात आज दसऱ्याचे पगार सुटायचे होते. हेमांगीची नजर कोपऱ्यातल्या एसीवाल्यावर गेली. पास नाही म्हणून सकाळीच तिने त्याला अडवलं होतं. बिचारा शिडी घेऊन तिथेच बसला होता.

"दादा, शिडी द्या."

"मी पण येऊ का, मॅडम?"

"शिडीला पास लागत नाही. तुम्हाला लागतो."

खाली कंपाउंडात त्याने शिडी धरली. हेमांगीने ओढणी कमरेला खोचली, पँट्रीच्या खिडकीची जाळी उचकटली आणि चहाच्या कपांवर उतरली. कॅमेरे होते, पण ते दाराकडे बघत होते.

तिने आतून दार उघडलं. टाळ्या, शिट्ट्या! लोंढा आत शिरला.

"अहो, शिडीवाल्यांना आधी पेढा द्या!" नलिनीताईंनी एसीवाल्याला हाताला धरून थेट सर्व्हर रूमच्या गारव्यात नेऊन बसवलं.

पेढा संपवून त्याने गळ्यातलं ओळखपत्र शर्टाबाहेर काढलं. एजन्सीचं.

नितेश पुटपुटला, "वाट लागली."

"पाच वर्षं हे काम करतोय," तो माणूस म्हणाला. "पण सिक्युरिटी हेडनेच घर फोडून मला आत घेतलं, असं प्रथमच झालं. मॅडम, रिपोर्ट तर मला द्यावाच लागेल."

"द्या." हेमांगी ओढणीवरची चहापूड झटकत होती. "खरं तेच लिहा."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल."

तो जरा घुटमळला. "आमच्याकडे याल? असे घुसणारे लोक मिळत नाहीत हो. सोमवारी मुलाखतीला या. रिसेप्शनवर तुमचा पास काढून ठेवतो."

"पास राहू दे," हेमांगी म्हणाली. "तुम्ही फक्त केबिनमध्ये बसून राहा. मी येते."