नानांची जीप डोंगर चढते

नाना सबनीस माणसाच्या आधी त्याच्या गाडीचे टायर बघत. माझे सासरे नागपूरहून पहिल्यांदाच चंदीगडला आले, तेव्हा ते टॅक्सीतून उतरायच्या आत नानांनी टायरच्या खाचेत अंगठा घातला आणि म्हणाले, "धडधाकट पोचलात, नशीब समजा. पकड, साहेब, पकड! टायरला पकडच नाही."

बावीस सेक्टरात आमची सरकारी क्वार्टर्स शेजारीशेजारी होती. लष्कराच्या लिलावातून नानांनी जुनी जीप आणली आणि एकच ध्यास घेतला. कसौलीच्या पलीकडचा एक डोंगरमाथा गाठायचा. शेवटचे दोन मैल नुसती दगडमातीची वाट. आम्ही दोघं गेलो, तर पहिल्याच चढावर चाकं जागच्या जागी फिरली. शेवटी खेचरं जुंपून जीप मागे ओढावी लागली.

मग जवळच्याच मनीमाजऱ्याच्या करतारसिंग मिस्त्रीकडे फेऱ्या सुरू झाल्या. नानांनी खोल खाचांचे मोठे टायर निवडले. ते वळणावर मडगार्डला घासू लागले.

"स्प्रिंग के पट्टे बढ़ाके चार इंच उठा देते हैं," करतारसिंग म्हणाला.

"दोनच."

"ओ जी, दो में क्या होगा?"

"दो. हमारी मिसेस का पाँव उससे ऊपर नहीं उठता."

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. नानांच्या पत्नीला, कुसुमकाकूंना, संधिवात होता. दोन वर्षांत दवाखान्याखेरीज त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आणि त्या माथ्यावरून दिसणारे बर्फाचे डोंगर त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

करतारसिंगने मुकाट्याने जीप दोनच इंच उचलली आणि उरलेली जागा मडगार्ड कापून काढली. मोठ्या चाकांनी इंजिनाला धाप लागली, तेव्हा त्याने अॅक्सलमधले गिअर बदलले. वेग कमी, जोर जास्त. "अब दीवार पे चढ़ेगी, नानाजी!" सपाट रस्त्यावर मात्र स्कूटरवाले हसत पुढे जात. नाना त्यांना ऐटीत हात करत.

डिसेंबरातल्या एका लख्ख सकाळी काकू पुढे बसल्या, मी मागे. त्याच चढावर जीपने दगडांत दात रोवले आणि मुंगीच्या चालीने निघाली. एकदा डावं चाक घसरलं. काकूंनी समोरचा दांडा घट्ट धरला. "पकड!" नाना ओरडले. काकूंना की टायरला, कोण जाणे, पण दोघांनीही ऐकलं. खेचरवाले आरोळ्या ठोकत मागून पळत आले आणि जीप माथ्यावर जाऊन उभी राहिली.

समोर आभाळाच्या कडेला बर्फच बर्फ. नाना बर्फाकडे पाठ करून काकूंचा चेहरा बघत होते. काकू त्या पांढऱ्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, तिथवर जायला कुठले टायर लागतील हो?"

नानांनी काकूंच्या खांद्यावरची शाल सारखी केली.