जपून ठेवलेलं व्हाउचर

घरोघरी जरा खर्च वाढावा म्हणून सरकारने पाठवलेलं दोन हजारांचं डिजिटल व्हाउचर कुटुंबप्रमुख म्हणून सासूबाईंच्या मोबाइलवर आलं, आणि सुनेच्या डोळ्यांसमोर नवा मिक्सर उभा राहिला. जुन्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरावं लागे. जरा ढिलाई झाली की वाटण थेट छताला!

सासूबाईंनी मात्र आजवर हाती आलेली चांगली वस्तू वापरली नव्हती, जपली होती. त्यांनी मोबाइल बंद केला, रुमालात गुंडाळला आणि लोखंडी कपाटात कुलपाआड ठेवला.

"अहो आई, आज सातला मुदत संपतेय त्याची!"

"अगं बाई! आधी नाही का सांगायचंस?"

"महिनाभर सांगतेय."

किल्ली त्यांनी अशी लपवली होती की चोराच्या बापालाही सापडू नये. आता ती त्यांनाही सापडेना. डबे उपसले, गाद्या उलट्या केल्या. शेवटी सुनेने धावत जाऊन कुलूपवाल्याला आणलं.

"लई चिवट कुलूप आहे हो," तो घाम पुसत म्हणाला.

"असणारच. मी निवडलंय," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

कपाट उघडलं, मोबाइल चालू झाला, तोवर सातला दहाच मिनिटं उरली. मिक्सरचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. सुनेचा चेहरा पडला.

"माझ्याकडे चालतं की व्हाउचर," कुलूपवाला हळूच म्हणाला. "मजुरी आणि नवं कुलूप, बरोबर दोन हजार."

"घे बाबा, घे! वाया नको जायला."

पैसे वळते झाले. "बघ, पदरचा एक पैसा गेला नाही," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. सुनेने उपसलेले डबे आवरायला घेतले. बोलायला लागली असती, तर थांबली नसती.

"ताई," नवं कुलूप बसवता बसवता कुलूपवाला म्हणाला, "तो खालचा खोका काढा बरं. दार पुरतं उघडत नाहीये."

सुनेने चादरीत बांधलेला खोका ओढला. गाठ सुटली. आत कोरा करकरीत मिक्सर!

"आई! हा तर माझ्या मामाने लग्नात दिलेला! सहा वर्षं झाली!"

"मग? आहे ना नवाच्या नवा?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाती दिला असता, तर त्याचंही झाकण आज दाबून धरत बसली असतीस."

कुलूपवाल्याने नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या पुढे केल्या, त्या थेट सुनेच्या हातावर ठेवल्या आणि काढता पाय घेतला.