सुधारित नॉर्वे

अग्नी हा पंचमहाभूतांपैकी एक असल्यामुळे पूर्वसूचना देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ते कंपन्यांवर असते. म्हणून कुठेही आग लागली की ती विझवणे हे दुय्यम काम ठरते. ते पाण्यानेही होते. मुख्य काम म्हणजे आगीला काय म्हणायचे ते ठरवणे, आणि त्याला माणसे लागतात.

हॅलिवेल लाइन या छोट्याशा ब्रिटिश क्रूझ कंपनीकडे अशी माणसे मोजकी होती आणि बोट एकच. (एका बोटीची 'लाइन' कशी होते, अशी शंका काही प्रवासी काढत. पण एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा जातात, हे भूमितीने केव्हाच सिद्ध केलेले आहे.) 'लेडी विनिफ्रेड' हे त्या बोटीचे नाव. २००७च्या जुलैत ती हारिच बंदरातून नॉर्वेचे फियॉर्ड दाखवायला निघाली आणि दुसऱ्या दिवशी, ऐन उत्तर समुद्रात, तिच्या लाँड्रीने पेट घेतला.

इजा कोणालाच झाली नाही. बोटीवरच्या बहुतेक चादरी, टॉवेल आणि कॉव्हेंट्रीच्या कमलाकर सबनीसांनी इस्त्रीला दिलेला सूट, एवढेच धारातीर्थी पडले. इंग्लंडात त्याच महिन्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली होती. त्यामुळे डेकवर धूर दिसताच प्रवाशांनी पहिली तक्रार केली ती सिगारेट ओढणाऱ्यांची. मग कर्णा खरखरला आणि कॅप्टनसाहेबांनी जाहीर केले, की लाँड्री विभागात अनियोजित उष्णता जाणवत असून बोटीचा वेग शून्यापर्यंत समायोजित करण्यात आला आहे.

"वा," कमलाकर म्हणाले.

त्यांच्या पत्नी मधुमतीबाई तेव्हा लाइफ जॅकेटचे बंद बांधत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे नुसते पाहिले.

कमलाकरांचे 'वा' समजून घ्यायचे, तर त्यांची नोकरी ठाऊक हवी. मिडलंड्समधल्या एका कौन्सिलच्या तक्रार विभागात ते निवृत्तीपर्यंत होते. (कोणत्या, ते सांगत नाही; सगळ्याच कौन्सिलांना आपलीच वाटेल.) न उचललेल्या कचऱ्याच्या डब्यांबद्दल लोक लिहीत, आणि कमलाकर त्यांना उत्तरे देत. डबा भरलेला आहे हे त्यांनी उभ्या हयातीत एकदाही मान्य केले नाही. तो भरलेला असल्याची नागरिकाची भावना मात्र ते नेहमी समजून घेत. अशा माणसाला कॅप्टनचे 'समायोजित' ऐकून जे झाले, ते गवयाला चांगला षड्ज ऐकून होते.

मधुमतीबाईंची गोष्ट वेगळी होती. लग्नाआधी त्या साताऱ्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. दरवर्षी फळ्यावर नॉर्वेचा किनारा काढताना खडूचा एक अख्खा तुकडा नॉर्वेतच संपे. मुली विचारत, "बाई, तुम्ही पाहिलाय का हो फियॉर्ड?" बाई सांगत, जाणार आहे. मग लग्न झाले, कॉव्हेंट्री आली, नीना झाली, आणि फियॉर्ड आपला दरवर्षी पुढच्या वर्षावर गेला. ही सफर नीनाने त्यांना लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती. ती केंब्रिजला संशोधन करी. बोटीच्या बातमीवर तिचा लगेच फोन आला.

"आई, तुमचा बोट जळला?"

"जळला नाही, जळली," मधुमतीबाई म्हणाल्या. "आणि सगळी नाही गं. नुसती लाँड्री."

बोट ओढत ओढत एडिनबराजवळच्या लीथच्या धक्क्याला आणण्यात आली. तिथे गरम पाणी गेले, एका बाजूचे दिवे गेले आणि प्रवाशांचा धीर गेला. नाचाच्या हॉलमध्ये सभा भरली. कंपनीला जाब विचारायला कोणाला पाठवायचे असा प्रश्न आला, तेव्हा एकमताने कमलाकरांचे नाव पुढे झाले, कारण तक्रारींचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणालाच नव्हता. (कोणत्या बाजूचा, हे विचारायचे राहून गेले.)

कंपनीने लीथला पाठवलेला अधिकारी कॅसिनोच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसला होता. त्याच्या कोटावर 'प्रमुख, प्रवास सातत्य विभाग' अशी पट्टी होती. पट्टीखाली पुण्याचा अवधूत रिसबूड होता. समोर मराठी माणूस आलेला पाहून तो जवळजवळ रडलाच.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. तो मुळात सॉफ्टवेअरचा माणूस. कंपनीची बुकिंगची सिस्टीम त्याने बनवली. आग लागल्यावर आधीच्या सातत्यप्रमुखांनी राजीनामा दिला आणि सिस्टीम फक्त याला कळते म्हणून पद याच्याकडे आले. सफर रद्द करून लोकांना घरी पाठवावे, असे त्यालाही वाटत होते. पण सिस्टीममध्ये 'बदला' असे बटण होते, 'रद्द करा' असे नव्हते.

"का नाही?"

"बनवायचं राहिलं, काका. तेव्हा साहेब म्हणाले, आपण कशाला कधी रद्द करतोय?" अवधूतने डोळे चोळले. "माझा व्हिसा कंपनीवर आहे, कंपनी बोटीवर आहे आणि बोट धक्क्यावर. मी काय करू ते तुम्हीच सांगा."

कमलाकर जाब विचारायला आले होते आणि विचारणारही होते. पण तेवढ्यात टेबलावरच्या पत्रकाकडे त्यांची नजर गेली. अवधूतने लिहिले होते: 'बोटीला आग लागली, आमची चूक झाली, माफ करा.' कमलाकरांच्या अंगावर काटा आला. एवढे उघडेवाघडे वाक्य त्यांनी सरकारी कागदावर कधी पाहिले नव्हते. त्यांनी खिशातले पेन काढले.

दुपारी पत्रक वाटले गेले. 'प्रवाशांना गैरसोय जाणवली असल्यास त्या जाणिवेची कंपनीने नोंद घेतली आहे. नॉर्वे सफर ठरल्याप्रमाणे चालू असून तिच्या स्थळांत, वाहनात आणि देशात किरकोळ सुधारणा करण्यात आल्या आहेत.' कमलाकर हॉलमध्ये परतले तेव्हा लोकांनी विचारले, काय झाले? विषय योग्य हातांत आहे, असे त्यांनी सांगितले. ते खोटे नव्हते.

सुधारित सफरीचा तपशील असा होता. हिमनदीऐवजी एडिनबराजवळची बर्फावरच्या स्केटिंगची रिंक. बर्गनच्या मासळीबाजाराऐवजी लीथच्या नाक्यावरचे फिश अँड चिप्स. मध्यरात्रीच्या सूर्यासाठी बोटीच्या उजवीकडचे पॅसेज पहाटेपर्यंत उजळलेले राहतील (आगीपासून तिथले दिवे बंदच होत नव्हते). पुरातन कॅथीड्रल असलेल्या स्टाव्हँगर बंदराऐवजी, पुरातन कॅथीड्रल असलेले कॉव्हेंट्री. इंग्लंडात समुद्रापासून याहून लांब जायचे तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. पण तिथून सगळीकडे गाड्या मिळतात आणि स्टेशनजवळ एक रिकामे हॉटेल होते. आणि फियॉर्डऐवजी लॉख लोमंड, कोचने.

मधुमतीबाईंनी सभेत हात वर केला. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत आत शिरलेला समुद्र, असे त्यांनी सांगितले. लॉख लोमंड हे गोड्या पाण्याचे तळे आहे. तिथले पाणी खारट असणार आहे का, हे कंपनीने स्पष्ट करावे.

लेखी उत्तर संध्याकाळी केबिनच्या दाराखालून आत आले: 'मीठ दुपारच्या जेवणाच्या टेबलावर उपलब्ध राहील.'

मधुमतीबाईंनी ते दोनदा वाचले. मग चष्मा काढला.

"हे तुम्ही लिहिलंय."

"मसुदा फक्त," कमलाकर म्हणाले. "सही अवधूतची आहे."

त्यांच्या लग्नात अशी उत्तरे बरीच आलेली होती. भारतात जायचे कधी, याचे. नीनाच्या शाळेच्या नाटकाला तुम्ही का नव्हता, याचे. प्रत्येक उत्तर सभ्य असे आणि त्यातून पुढे काही निघत नसे. इतकी वर्षे त्यांना वाटत होते, की हा नवऱ्याचा स्वभाव आहे. तो व्यवसाय होता हे आज कळले, आणि त्यातले कोणते अधिक वाईट ते त्यांना ठरवता येईना.

"उद्या एडिनबराहून बर्गनला विमान आहे," त्या म्हणाल्या. "मी जाणार. तुम्ही येताय?"

कमलाकरांनी विषयाच्या दोन्ही बाजू मांडल्या. सफर मध्येच सोडली तर ती प्रवाशाने सोडली असे धरतात, पुढचे सगळे हक्क जातात. शिवाय त्या पोराची नोकरी. निघायचे तर आहेच, पण घाई नको. योग्य वेळी विचार करता येईल.

मधुमतीबाईंनी बॅगेची चेन लावली. "तुमचं बीपीचं औषध ड्रॉवरमध्ये ठेवलंय," एवढेच त्या म्हणाल्या. सकाळी कमलाकर उठले तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

सफर नियमाप्रमाणे पुढे सरकली. प्रवाशांनी तळे पाहिले. पाऊस होता, त्यामुळे ते तळे आहे की फियॉर्ड हा वाद आपोआप मिटला. रिंकवर एक आजी हिमनदीवरून घसरल्या आणि त्यांना खऱ्या नॉर्वेचा अनुभव आल्याबद्दल टाळ्या पडल्या. गंमत अशी, की लोक हळूहळू खूश होऊ लागले. चहा वेळेवर येई. कोणाला बोट लागत नसे. रोज एक नवे पत्रक येई आणि कमलाकरांचे मराठमोळे इंग्रजी इतके गोड, की एक निवृत्त न्यायाधीश ती पत्रके जेवताना मोठ्याने वाचून दाखवत. कमलाकरांना एवढा मान कौन्सिलात कधी मिळाला नव्हता. फक्त शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर वेटर रोज रुमाल मांडी, आणि तेव्हा त्यांचे लक्ष ताटावरून उडे.

नीनाचा फोन आला. "बाबा, आई नॉर्वेत पोचली. तुम्ही कुठे आहे?"

"सुधारित नॉर्वेत," कमलाकर म्हणाले, आणि आपलेच वाक्य पहिल्यांदा त्यांना बरोबर ऐकू आले.

शेवटी कोच कॉव्हेंट्रीला लागली. शहराची माहिती माइकवरून तुम्हीच सांगा, अशी अवधूतने गळ घातली. कमलाकर बोलू लागले. बॉम्बने पडलेले जुने कॅथीड्रल, त्याला टेकून उभे राहिलेले नवे, आणि कोणत्याही परक्या माणसाला सहज बाहेर पडू न देणारा रिंग रोड. मग कोच त्यांच्याच घराच्या गल्लीवरून गेली. पडदे ओढलेले होते. मधुमतीबाईंनी दारात लावलेले गुलाब कोणी पाणी न घालताही फुलले होते. कमलाकर बोलता बोलता थांबले. प्रवाशांना वाटले, माइक बिघडला.

घर दहा मिनिटांवर असताना ते त्या दिवशी हॉटेलात उतरले. सफरीतला शेवटचा मुक्काम होता. मुक्काम सोडला तर सफर सोडली असे धरतात. खिडकीतून पार्किंग दिसत होते. चहा झाल्यावर फोन वाजला.

"पाहिला," मधुमतीबाई म्हणाल्या.

"कसा आहे?"

"दोन्हीकडे सरळसोट कडे, हजार हजार फुटांचे. आणि त्यांच्या पायथ्याशी एक घर. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही." त्या जराशा हसल्या. "मुलींना मी सगळं शिकवलं हो, पण तिथं माणसं धुणं धुतात, हे कधी सांगितलंच नाही."

कमलाकरांना पुष्कळ बोलायचे होते. तोंड उघडले तर आतून सवयीने आले, "तुला झालेल्या गैरसोयीची..." आणि त्यांनी जीभ चावली. पलीकडे ती वाट पाहत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. पुढचे वाक्य त्यांनी कोणत्याही मसुद्याशिवाय केले.

"चुकलं माझं, मधू. तुझ्याबरोबर यायला हवं होतं."



"बरं," मधुमतीबाई म्हणाल्या. "नोंद घेतली." आणि मग, वेगळ्या आवाजात, "जेवलात का?"

कमलाकरांनी बॅग उचलली. लॉबीत अवधूत भेटला. आता जाताय, काका? उद्या प्रमाणपत्रं आहेत. कमलाकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सल्ला दिला, की वेळ मिळाला की ते दुसरे बटण बनवून टाक. मग ते पायी घरी गेले, गुलाबांना पाणी घातले आणि सकाळी बर्गनच्या विमानाची चौकशी केली.

कंपनीच्या अहवालानुसार सुधारित नॉर्वे सफर संपूर्ण यशस्वी झाली. कॉव्हेंट्रीच्या हॉटेलात जमलेल्या सर्व प्रवाशांना नॉर्वे पाहिल्याची प्रमाणपत्रे मिळाली. सफर अपूर्ण सोडणारे प्रवासी दोनच, दोघेही सबनीस; त्यांना नॉर्वे पाहता आला नाही याची कंपनीने नोंद घेतली आहे. पुन्हा आमच्याबरोबर याल का, या प्रश्नाला शंभरातल्या शहाण्णवांनी 'आनंदाने' असे उत्तर दिले. (उरलेल्या चौघांना प्रश्न ऐकू आला नव्हता.) हे आकडे पाहून संचालकांनी बोट दुरुस्त करायचा विचार सोडून दिला. अवधूतला बढती मिळाली. तेव्हापासून 'लेडी विनिफ्रेड' लीथच्या धक्क्यालाच असते आणि दर उन्हाळ्यात भरून जाते.

यावर हसू आले असेल तर हरकत नाही. जागा मिळेल की नाही ही चिंताही करू नये. आपल्यापैकी बहुतेकांचे बुकिंग फार पूर्वीच झालेले आहे. खात्रीच करायची असेल तर आपली बोट हलते आहे का, ते एकदा खिडकीतून पाहून घ्यावे. पण सावकाश. आता चहा येईल.